वहिनी आणि वाहिन्या

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईच्या हातात कागद द्यायचा आणि म्हणायचं, "वाचू नका, फक्त सही करा." मांजरापुढे दुधाची वाटी ठेवून नुसता वास घे म्हणण्यातलाच हा प्रकार. पण गॅसची नळी टाकणाऱ्या कंपनीकडून आलेल्या त्या फाइलवाल्याला हे सांगणार कोण? त्याला दिसली ती रोपवाटिकेतली एक वयस्क बाई, चष्मा कपाळावर, हात मातीने भरलेले.

वहिनी त्या खरं तर एकट्या धाकट्या दिराच्या. पण त्याची खणखणीत हाक ऐकून ऐकून अख्खा रस्ताच त्यांना वहिनी म्हणायला लागला होता. नवरा गेल्यावर शहराच्या कडेचा तो जमिनीचा तुकडा वहिनी आणि दीर अशा दोघांच्या नावावर झाला. रस्त्याकडची बाजू मोकळी होती. तिथे दिराला स्कूटरदुरुस्तीचं स्वतःचं गॅरेज बांधायचं होतं, भाड्याच्या टपरीला तो विटला होता. मागे वहिनींची रोपवाटिका, आणि कुंपणाशी पेरूची नऊ झाडं. त्यांच्याच फांद्यांना गुट्या बांधून, मुळं फुटली की कापून, वहिनी रोपं तयार करत. ती नऊ झाडं गेली तर रोपवाटिकेत उरणार काय? गुलाबाच्या चार कुंड्या!

आणि कंपनीची नळी नेमकी त्याच नऊ झाडांखालून जाणार होती. जमीन मालकांचीच राहणार, कंपनीला फक्त खालून नळी नेण्याचा हक्क हवा होता. पण त्या पट्ट्यावर पुन्हा झाड लावायचं नाही की भिंत उभारायची नाही.

"सगळ्यांनी सह्या केल्यात," फाइलवाला म्हणाला. "छापील मसुदा आहे, बाई. यात बदल होत नाही."

"छापील आहे म्हणून तर वाचते."

"वहिनी, करून टाका ना सही," दीर दारातूनच म्हणाला. "माझं गिऱ्हाईक ताटकळलंय."

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर ओढला, लाल पेन्सिल घेतली, आणि तिसऱ्या ओळीवर त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. छापणाऱ्याने 'वाहिनी'तला काना पहिल्या पानभर खाल्ला होता. त्या मोठ्याने वाचू लागल्या, "सदर वहिनी जमिनीखाली दीड मीटर खोल पुरण्यात येईल. वहिनीची वर्षातून दोनदा तपासणी होईल. वहिनीत बिघाड आढळल्यास कंपनी तिला तत्काळ बंद करील."

"हे शेवटचं कंपनीला खरंच जमेल का?" दिराने विचारलं. फाइलवालाही हसला, आणि तिथेच फसला. कारण काना घालत घालत वहिनी दुसऱ्या पानावर पोचल्या आणि त्यांचं हसू थांबलं.

"इथे 'वाहिन्या' आहे."

"टायपिंगची चूक हो."

"चूक काना खाते, अनेकवचन करत नाही. पहिल्या पानावर एक नळी, दुसऱ्यावर 'आवश्यक त्या वाहिन्या'. म्हणजे आज एक टाकाल आणि उद्या न विचारता आणखी दोन. आणि हे काय? 'काम झाल्यावर जमीन शक्यतो पूर्ववत करून देण्यात येईल.' शक्यतो? शक्यतो हा शब्द जेवायला या म्हणताना ठीक, खड्डा बुजवताना नाही."

"पण बाई, घाई आहे..."

"ती तुम्हाला. हरकत घ्यायला आम्हाला तीन आठवडे आहेत, हे तुमच्याच कागदावर छापलंय. अक्षर बारीक आहे, पण आहे."

वहिनींनी हरकतीचं पत्र लिहिलं. सोबत नकाशा जोडला, त्यात नऊच्या नऊ झाडं मोजून दाखवली आणि खाली लिहिलं: नळी वळते, झाड वळत नाही. सरकारी कार्यालयात सुनावणी झाली. तिथल्या साहेबांनी नकाशा उलटासुलटा पाहिला आणि कंपनीला दुसरा मार्ग दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात फाइलवाला नवा नकाशा घेऊन हजर. झाडं वाचत होती. पण वळवलेली नळी रस्त्याच्या कडेने जात होती, दिराच्या गॅरेजच्या बरोबर जागेवरून.

वहिनींनी नकाशा पालथा घातला. "राहू दे. पेरू जाऊ देत." रोपाला पाणी घालताना झाडांशी गप्पा मारणारी बाई ती, आणि हे शेवटचे तीन शब्द बोलताना तिने झाडांकडे पाठ केली होती.

दिराने नकाशा पुन्हा सुलटा केला. "वहिनी, गॅरेजला मी म्हणू शकतो, चार पावलं मागे सर. पेरूला म्हणता येईल?"

"मागे म्हणजे माझ्या गुलाबांत."

"गुलाब कुंड्यांत आहेत ना? मग कुंड्या उचलू की." आणि त्याने लगेच दोन उचलल्यासुद्धा, टपरीवर आजही गिऱ्हाईक ताटकळलेलं असताना.

करार नव्याने छापून आला. वाहिनी एकच, कान्यासकट. 'शक्यतो' गायब. वहिनींनी तो तीनदा वाचला आणि दिरापुढे ठेवला.

"तुम्ही वाचलंय ना? मग मी काय वाचू?"

"न वाचता सही करायची नाही, भाऊजी."

तो ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायला बसला आणि पहिल्याच ओळीत अडखळला. "वहिनी, इथे चूक आहे."

"शक्यच नाही."

"तुमच्या नावातलं एक अक्षर गाळलंय." मग त्याने ते नाव नीट, एकेक अक्षर सुटं करून उच्चारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"बरं झालं पाहिलंत," फाइलवाला घाम पुसत म्हणाला. "नोंदणीतच अडकलं असतं."

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं शुद्ध केली होती. स्वतःचं नाव कधी छापून आलंच नव्हतं, तर नजर तिथे थांबायला शिकणार कुठून? आणि ज्याने वाचायचा कायम कंटाळा केला, त्याने ते पकडलं होतं. त्यांना एकदम भरून आलं.

त्यांनी पेन्सिल त्याच्या हातात दिली. "घ्या, तुम्हीच घाला अक्षर."

त्याने जीभ दातांत धरून अक्षर काढलं, मग हात थांबला. "वहिनी, वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या.