चौदा किलोचा महाशीर

उत्तरेश्वरकाकांचं शनिवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे : 'वेळ विचारू नये.' काका मूळचे बार्शीचे, पण पाटी वाचून हे कोणाला खरं वाटत नाही.

दर रविवारी काका स्कूटर काढून शहराबाहेरच्या तलावावर गळ टाकायला जातात. कणकेच्या गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे मी. गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, हा आमच्या क्लबचा पहिला नियम. काका तसेही शाकाहारीच. त्यांच्या पत्नी इंदुबाई म्हणतात, "म्हणजे साबुदाणा आणायचा, निवडायचा आणि परत वाण्याला नेऊन द्यायचा!"

पावसाळ्यात तलावातला महाशीर मासा अंडी घालायला ओढ्यानं वर चढतो. नेमकं तेव्हाच काही लोक पाण्यात जिलेटीनच्या कांड्या टाकतात, की एका दणक्यात मासा, अंडी, पिलं सगळं संपतं. म्हणून ते चार महिने क्लब ओढ्यावर राखणदार ठेवतो. राखणदार म्हणजे तिथल्याच वस्तीवरचा गेनबा. त्याच्या पगारासाठी काकांनी दुसरा नियम केला : आपल्याला लागलेल्या माशाचं वजन ज्यानं त्यानं सभेत सांगायचं आणि किलोमागे शंभर रुपये द्यायचे. काटा नको, फोटो नको. शब्द पुरे.

पहिल्या वर्षी पैशांचा पाऊस पडला. गळवाल्याची जीभ मासा किती फुगवते, हे काकांना ठाऊक होतं. पण दुसऱ्या वर्षी सभासदांच्या पोटातला पुणेकर जागा झाला. तलावातले मासे तेच, पण सभेत येईपर्यंत वाळू लागले. "सव्वा किलो असेल हो, फार तर," असं मोठमोठी माणसं खाली बघून सांगू लागली.

या मे महिन्यात गेनबानं काकांना सांगितलं, "काका, मला हिंजवडीला सोसायटीत वॉचमनचं काम आलंय. तिथं पगार ठरल्याला हाय. रविवारपत्तूर तुमचं सांगा, न्हाईतर जातो मी."

रविवारी संध्याकाळी सभा भरली. आमची सभा सलिलच्या दवाखान्यात असते. सलिल दातांचा डॉक्टर. तिथं इतर वेळी माणसं भीतीनं तोंड उघडतात, सभेत आपण होऊन.

"माझा दीड किलो," सलिल म्हणाला.

"माझा पाऊणच," जयसिंग म्हणाला. जयसिंगच्या गावाचं आता शहर झालंय आणि शेताचे तीन टॉवर. पण मासा पाऊण किलो.

सगळं मिळून गेनबाचा एक महिनाही निघत नव्हता. काकांनी चष्मा पुसला.

"मला आज चौदा किलोचा लागला."

मी दिवसभर काकांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या गळाला एकच गोष्ट लागली होती, डाव्या पायाची चप्पल. पण मी सोडून कोणालाच शंका आली नाही. मागे एकदा याच माणसानं 'नऊशे ग्रॅम' असं खरं वजन सांगून सगळ्या क्लबला खाली बघायला लावलं होतं.

जयसिंगला ते सोसेना. "काका, चौदाचं काय सांगता? मागल्या महिन्यात माझा सुटला, तो अठराचा व्हता!"

"सुटलेला धरायचा का?" सलिलनं विचारलं.

"धरायचा," काका शांतपणे म्हणाले. "सुटला तरी राहतो तलावातच. त्याला राखण नको?"

झालं! सुटलेला मासा हा पकडलेल्यापेक्षा नेहमीच मोठा. सलिलचा बावीसचा निघाला. पंधरा मिनिटांत तलावात इतके मासे झाले, की पाण्याला जागा उरली नसती. गेनबाचे चारही महिने निघाले. काकांनी गळाच्या नव्या रिळासाठी जपून ठेवलेले चौदाशे सगळ्यांत आधी टेबलावर ठेवले.

परतताना ते एवढंच म्हणाले, "कोणाला बोलू नका. कळलं तर सगळे आपापले मासे परत मागतील."

मी बोललो नाही. पण चौदा किलोंची बातमी पेठेतून इंदुबाईंपर्यंत आपली आपण पोचली.

"चौदा किलो? दोन्ही हातांनी उचललात?"

"हो."

"आणि मंडईतून कांदे-बटाटे आणायचे म्हटलं, की खांदा धरतो, नाही का? उद्यापासून पिशवी तुमची."

खरं बोलावं तर गेनबा जातो, न बोलावं तर खांदा. काकांनी खांदा दिला.

ऑगस्टमध्ये मला ते मंडईत दिसले, पिशवीच्या बाजूला कललेले.

"किती किलो?"

"अकरा," काका म्हणाले. "खरे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ओढ्यावरून गेनबा बोलत होता, मला इथवर ऐकू येईल इतक्या जोरात. "काका, कांड्यावाले आले व्हते, पळवून लावलं! आन् परवा तुमचा तो चौदाचा ओढ्यानं वर गेला बगा. वळखला मी."

काकांनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग जरा पाठ वळवून, हळूच विचारलं, "कसा आहे?"

"बरा हाय की! सोळाचा झालाय."