डोळ्यातलं पाणी कुणी उपसलं

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आज झालं की उद्या लख्ख, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. माझा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नाही. आयुष्यात जे काही बघितलं ते उजव्यानेच. चंद्रपूरला त्याचंच ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि समोर धुकं. दुपारकडे जरा उजाडायचं, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा जैसे थे. मी मुळातच तापट. बायकोवर चिडलो, देवाशी अबोला धरला, आणि मनातून पार घाबरलो. उरलेलं आयुष्य चाचपडत काढायचं की काय?

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. डोळ्यापुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, तिच्यात पाणी भरलं होतं. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो रात्रंदिवस पाणी बाहेर टाकत असतो. मोतीबिंदू फार पिकलेला, तो काढताना त्या थरातल्या काही पेशी गेल्या. "नव्या येत नाहीत, काका. शेजारच्या पसरतात आणि गेलेल्यांची जागा भरून काढतात. झोपेत पापणी मिटलेली असते, पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी सूज जास्त. थेंब टाकत राहा, धीर धरा." मी मान हलवली, पण धीर आणायचा कुठून?

तरी महाशिवरात्रीला मार्कंड्याला महादेवाच्या जत्रेला गेलोच. तिथं वैनगंगेचं पाणी डोळ्यांना लावायची आमच्या घरची रीत. काळा चष्मा काढला, ओंजळ भरली, डोळ्याशी नेणार तोच कुणीतरी मनगट घट्ट धरलं. शेजारी हातपाय धुवायला आलेली एक बांगडीवाली होती.

"थांबा भाऊ! ऑपरेशनचा डोळा आहे ना? त्याले नदीचं पानी नाई लावत. माह्या सासऱ्याचा डोळा असाच पिकून गेला. कपाळाले लावा, देवाले तेवढंही पोचते."

डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. भक्तीच्या भरात मी ते साफ विसरलो होतो. पाणी कपाळाला लावलं. वळून पाहिलं तर ती दुकानावर जाऊन कुणाच्या तरी हातात बांगड्या भरत होती.

गाभाऱ्यात काही मागायचं सुचेना. मी चिडलो, रडलो, झोपलो, तरी माझ्या डोळ्यात पाणी उपसायचं काम थांबलं नव्हतं. उरलेल्या पेशी गेलेल्यांचं काम अंगावर घेत होत्या. ना मी सांगितलं होतं, ना मला कळत होतं. अंगावर काटा आला. एवढंच म्हटलं, देवा, चालू दे तुझं.

त्यानंतर एका सकाळी डोळा उघडला, तर वर छपराच्या कवेलूंमधल्या कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा दिसत होता. मी बायकोला हाक मारली. ती घाबरून धावत आली.

"काऊन, दुखून राह्यलं का?"

"नाई," मी म्हटलं. "तू दिसून राह्यली."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी हात जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका. समोर तीच होती.