सोपानच्या नावावरची चूक

माझी बायको म्हणते, तिला माझं सगळं माहीत आहे. आता सांगणार आहे, हे तिला माहीत नाही. आईला सांगायचं राहिलं आणि ती गेली. तुम्ही माझे कोणी नाही — कदाचित म्हणूनच आज तोंड उघडतंय.

पण सुरुवात कुठून करू? ती वर्षं मला नीट आठवतच नाहीत. आठवतात ती दुपारच्या झोपेतून अर्धवट जाग आल्यासारखी. टँकरची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. पाऊस यायचा नाही आणि इमारती मात्र येत राहायच्या. पडेगावला आमच्या गच्चीवरून दर थोड्या दिवसांनी एक नवं बांधकाम दिसायचं, आणि त्याच्या पलीकडे दौलताबादचा डोंगर धुळीत तरंगत असायचा. घरं वाढत होती, नळ कोरडे होते. यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी आणि सोपान एका छोट्या कंपनीत होतो. कारखान्यातला माल तपासायचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. वाळूजच्या एका कारखान्यात आमची पहिली मोठी लाइन लागली होती. पट्ट्यावरून स्टीलच्या रिंगा यायच्या, वर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे आमचा प्रोग्रॅम. रिंग चांगली असली की पुढे. डाग, चीर, खड्डा दिसला की हवेचा झोत — फुस्स — आणि रिंग लाल पेटीत. त्या पट्ट्यासमोर उभं राहिलं की तंद्री लागायची. चांगली, चांगली, चांगली, फुस्स. सोपान तर तिथून हलायचाच नाही. प्रोग्रॅम बहुतेक त्याचाच होता. हे मी तेव्हा कधी मान्य केलं नाही, उलट सगळीकडे ‘आमचा’ म्हणून मिरवायचो.

तो कन्नडकडचा. वडील मेंढरं राखायचे. आमच्याकडे आधी भिक्षुकी, मग कारकुनी, मग मी. हे मध्येच का सांगतोय? पुढे लागणार आहे.

एका दुपारी लाल पेटी भरून वाहायला लागली. कारखान्यातही टँकरचं पाणी आलं होतं, खारट आणि जड. रिंगा धुऊन वाळल्या की अंगावर पांढरे ठिपके राहायचे. कापडानं पुसले की जायचे, पण कॅमेऱ्याला पाण्याचा ठिपका काय आणि स्टीलमधला खड्डा काय, दोन्ही सारखेच. लाइन थांबली. सोपान गावाला गेलेला, मी एकटाच. काय करायला हवं ते मला ठाऊक होतं — ठिपक्यांचे आणि खड्ड्यांचे फोटो वेगळे काढायचे आणि प्रोग्रॅमला फरक शिकवायचा. त्यात संध्याकाळ गेली असती. तेवढ्यात आईचा फोन आला. कॉलनीत टँकर येतोय, ड्रम हलवायला घरात कुणी नाही.

मी काय केलं? किती मोठा डाग चालवून घ्यायचा, याचा प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो. तो वाढवला. बस, एवढंच. फुस्स बंद झालं, लाइन सुरू झाली, सुपरवायझरनं हात जोडले. मी गाडीला किक मारली आणि टँकर गाठला.

सकाळी आकडा पुन्हा खाली आणायचा, असं ठरवलं होतं. सकाळी पाणी बदललेलं होतं, लाइन झोकात चालली होती, कुणी काही विचारलं नाही. आणि मी विसरलो. आईचं कारण मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. ते खोटं नाही. पण ड्रम भरून झाल्यावर मला वेळच वेळ होता.

पुढे माल परत आला. खड्डे पडलेल्या रिंगा, आमच्या कॅमेऱ्याखालून चांगल्या म्हणून गेलेल्या. आमच्या कंपनीच्या मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर तो आकडा दिसला, मी वाढवून ठेवला होता तसाच. पण पासवर्ड दोघांचा एकच होता, आणि गावाहून आल्यावर सोपाननंही प्रोग्रॅममध्ये बरेच बदल केले होते. मालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या मुलांना कुठल्या कामावर बसवावं ते आपल्याला कळायला हवं होतं, असं काहीसं ते म्हणाले. ही मुलं म्हणजे कोणती, ते आम्हा तिघांनाही कळलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर एका बांधकामावर वाळू चाळत होते. ते मात्र लख्ख आठवतं.

सोपान भांडला असता तर मी बोललो असतो का? पूर्वी मला वाटायचं, बोललो असतो. तो भांडलाच नाही. त्याला खरंच वाटलं, की नवे बदल चढवताना कुठंतरी आपल्याच हातून आकडा हलला. त्याची नोकरी गेली त्या दिवशी चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “माझ्यामुळं तुला बी ऐकून घ्यावं लागलं. माफ कर गड्या.” आणि मी — मी त्याला माफ केलं. पाठीवर हात ठेवून, जाऊ दे म्हणालो.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलेलं नाही.

काही वर्षांनी एका लग्नाला कन्नडला गेलो. सोपानचं तिथं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. तो मला ओढून घरी घेऊन गेला. बायकोला म्हणाला, “ह्यो श्रीकांत. वाईट दिवसांत लई सांभाळून घेतलं ह्यानं मला.” वहिनींनी पानं वाढली. जेवता जेवता तो सांगू लागला, की साखर कारखान्यात पोती तपासायचं कॅमेऱ्याचं यंत्र बसतंय, आणि ते बघायला माणूस हवाय म्हणून त्याला विचारायला आले होते. ताटाच्या कडेवर बोट फिरवून तो पोत्यांची रांग दाखवत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला तसा पाहत होतो. मग बोट थांबलं.

“पण माझा माझ्यावरच भरवसा नाय राहिला. मोटारीची वायर जोडली तरी चार डाव बघतो. तू जवळून पाहिलंय माझं काम. तूच सांग, जाऊ का?”

वहिनी भाकरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

खरं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं ‘जा’ म्हणायचं होतं. पण तो तसल्या यंत्रासमोर पुन्हा बसला असता, तर थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आलं असतं, की ती चूक त्याची असूच शकत नाही. आकडा वाढवून उठून जाणारा माणूस तो नव्हता. मग कोण होता? हे सगळं मला, हातात घास असताना, स्वच्छ दिसलं.

मी म्हणालो, “कशाला पुन्हा त्या भानगडीत पडतोस? इथं बरं चाललंय की तुझं.”

त्यानं ताटाच्या कडेवरचं बोट काढून घेतलं. मग मान हलवली. “व्हय,” म्हणाला, “तुझं खरंय.” आणि श्रीकांतला भाजी वाढ, असं त्यानं बायकोला सांगितलं.

मी वाढून घेतली.