निमकरसाहेबांचं ‘बघू’

निमकरसाहेब कुणाला ‘नाही’ म्हणत नसत. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत वर्गणी मागायला आलेल्यांनाही ते चहा पाजून ‘बघू’ म्हणत, आणि मंडळी रिकाम्या हातांनी, पण खूश होऊन परतत. राजदूत म्हणून निवृत्त झालेले. “अहो, परराष्ट्र धोरण म्हणजे दुसरं काय? दार लावायचं नाही आणि आतही घ्यायचं नाही.”

त्यांच्या आठवणी मी टाइप करून देत असे. पहिल्याच पानावर मी ‘परराष्ट्र धरण’ करून ठेवलं. साहेबांनी चष्मा वर केला. “धरण खडकवासल्याला. तिथे निदान पाणी असतं.”

पुस्तक अडलं ते हबीबपाशी. हबीब त्यांच्या शेवटच्या वकिलातीतला तिथलाच दुभाषा, मराठी साहेबांकडूनच शिकलेला. त्या देशात लढाई पेटली तेव्हा वकिलात रिकामी करताना त्यानं विचारलं होतं, “साहेब, मलाही नेणार ना?” साहेब म्हणाले, “बघू.” हा नकार आहे, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हबीबनं नुसता शब्द ऐकला आणि वाट पाहत राहिला.

अजून पाहतच होता. आपला देश सोडून शेजारच्या देशात लपून, भारताच्या व्हिसाची. त्याचा भाऊ डोंगरातून आणखी पलीकडच्या देशात निघणार होता. हबीबला जायचं तर त्याच्याबरोबरच, नाहीतर व्हिसाची वाट पाहत मागे राहायचं. एव्हाना अर्धांगानं साहेबांची जीभ जड झाली होती. तरी ते दिल्लीत जुन्या हाताखालच्यांना फोन लावत. स्पीकरवर मलाही ऐकू येई : “सर, आपण सांगितलंत म्हणजे प्रश्नच नाही! बघू.”

फोन ठेवून साहेब पुटपुटले, “मीच शिकवलं यांना.”

एका दुपारी हबीबचा फोन आला. तो मी उचलला आणि अक्कल पाजळली : “काळजी करू नका हो, होईल काहीतरी!”

साहेबांनी धडधाकट राहिलेल्या हातानं फोन हिसकावला. “आपण मूर्ख आहात,” ते मला म्हणाले. आजारपणानंतर इतकं स्पष्ट ते प्रथमच बोलले. मग मात्र शब्द फुटेना. ओठ वाकडे होत राहिले, लाळ सदऱ्यावर ओघळली.

“ना... नाही. हबीब, नाही. आम्ही नेणार नाही. भावाबरोबर जा.”

पलीकडून हबीब स्वच्छ मराठीत म्हणाला, “हे तेव्हाच सांगायचं होतंत, साहेब.”

त्यानंतर तो नंबर लागला नाही. साहेबांचं बोलणं पुरतं गेलं, तरी ते रोज फोनकडे बोट करत आणि मी लावत असे. अखेरच्या दिवसांत मला ते बघवेना. फोन कानाला लावून मी मोठ्यानं म्हणालो, “पोचलास? वा, वा!” आणि साहेबांकडे वळून हसलो.

देशोदेशींच्या खोटं बोलणाऱ्यांसमोर आयुष्यभर बसलेला तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं पुन्हा फोनकडे बोट केलं.