घड्याळात न आलेली पावलं

त्या दिशी ओसरीवर आम्ही तिघीच होतो. मी, सून मंगल आन् शेजारची गोदाक्का. साखर वाढली म्हणून लेकानं माझ्या मनगटाला पावलं मोजायचं घड्याळ बांधलंय. आकडा त्याला तिकडं पुण्यात मोबाईलवर दिसतो.

नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी हिरीवरनं चार हंडे आणले. टेकते तवर त्याचा फोन. "आई, सकाळधरनं बसूनच हाईस व्हय? अशानं तुला हिकडंच आणून ठेवीन."

मंगल फोनाजवळ येऊन नवऱ्याला म्हणली, "अहो, डोईवरचा हंडा धरला की हात हलत नाही, मग ते मोजत नाही. काल भाकरी थापताना मातुर हजार पावलं झाली!"

गोदाक्का हसली, "मग म्हातारे, बस थापत!"

मला काय हसू आलं नाही. घर सुटायचं म्हणलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. ह्याच लेकाला कडंवर घेऊन, दुसऱ्या हातानं हंडा धरून मी कोसभर पाणी वाहिलं. ती पावलं कुणी मोजली?

वाचणाऱ्या बाबा, आईला बसून हाय म्हणायच्या आधी, तिच्या हातात काय होतं तेवढं इचार.