दोन बोटं सैल

आमच्या रत्नागिरीच्या बाजारात माझ्या मापाचं काही मिळत नाही, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करायला निदान एकदा तरी मिळालेलं असावं लागतं. दुकानदार बिचारे मायाळू. मला दारात बघितलं की आतूनच ओरडतात, "काकी, ओढण्या बघा, पर्स बघा!" ओढणी सगळ्यांना होते, हा शोध त्यांचाच.

तर अशा बाईने साठी उलटल्यावर काय शिकावं? भजनं शिकावी. मी समुद्रात बुडी मारायला शिकले. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, तसली.

पोहायला मला लहानपणापासून येतं. माहेरच्या आगरात विहीर होती, तिच्यात भाऊ पोहत तशी मीही पोहायची. पुढे लग्न झालं ते इंजिनाच्या माणसाशी. आमच्या ह्यांचा जन्म मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. समुद्राने घर पोसलं, पण त्याच्या आत डोकावायला कोणाला सवड नव्हती. मी रोज विळीवर मासळी साफ करायची आणि मनात यायचं, ह्या बयेची नि माझी गाठ पडते ती ही मेल्यावर. जिवंतपणी ही कशी वागते ते एकदा बघायला हवं. एवढीच काय ती इच्छा. फार मोठी नाही, माझ्यासारख्या मोठ्या बाईला शोभेल अशीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, "पाण्यात जायला काही हरकत नाही. जमिनीवर चालायलाच हरकत आहे." दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते पावसाळ्यात बदलायचे ठरले होते. नवे गुडघे बसल्यावर टाकी घेऊन होडीची शिडी चढू देणार का, विचारलं, तर डॉक्टर खिडकीतून बाहेर बघायला लागले. म्हणजे काय ते मी समजले. उन्हाळा तापून पाणी ढवळायच्या आत बुडी मारली तर मारली. नाहीतर मासळी आहेच, ताटात.

जेटीवरच्या डायव्हिंग क्लबात शिकवणारा माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला मी मास्तर म्हणते, तो मला काकी म्हणतो. पोहण्याच्या तलावात जुना पंजाबी ड्रेस घालून मी सगळं शिकले. पण समुद्रात जायचं तर वेटसूट हवाच, असा त्याचा नियम. खाली खडकांवर कालवं असतात, ती चामडी सोलतात, आणि जेलीफिश चावते ती वेगळी. नियम चांगला. सूट कुठे होता?

होते म्हणा. दांडीवर ओळीने टांगलेले, काळे, रबरी स्पंजाच्या कापडाचे, सुकत घातलेल्या बांगड्यांसारखे. मास्तरने त्यातला सगळ्यात मोठा काढला. तो कोणातरी सहा फुटी गोऱ्या साहेबासाठी बेतलेला. बाह्या माझ्या बोटांच्या पुढे हातभर, पाय जमिनीवर लोळताहेत आणि पोटाशी मात्र काटकसर. जाड बाईला कंबरेखालचा भागसुद्धा असतो, ही बातमी अजून कारखान्यापर्यंत पोचलेली नाही. पडद्यामागे क्लबातल्या दोघी मुली मला त्यात कोंबत होत्या.

"काकी, श्वास आत घ्या!"

"घेतलाय गो! आता सोडू की तसाच घेऊन मरू?"

मांडीपाशी गाडं अडलं ते अडलंच. काढताना तर कोळंबी सोलावी तसं मला सोललं. बाहेर आले तर मास्तर जमिनीकडे बघत म्हणाला, "काकी, थोडं वजन कमी केलंत तर..."

"मास्तर, तो कोपऱ्यात ढीग कसला?"

"शिशाचे पट्टे. पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधतो. तुम्हाला जरा जास्त लागतील. चरबी तरंगते ना."

"म्हणजे जमिनीवर मी जड म्हणून बोलणी खायची, आणि पाण्यात हलकी म्हणून शिसं बांधायचं. मी राहायचं तरी कुठे, भरती-ओहोटीच्या मधे?"

तो हसला. मला तेवढं हसू येत नव्हतं, दिवस जात होते. मोबाईलवर शोधलं. जाड बायकांचे सूट म्हणून जे दाखवतात, ते घालून उभी असलेली मुलगी कोळंबीच्या मिशीएवढी. शेवटी मास्तरनेच चेन्नईकडचा एक कारागीर शोधला, तो मापाने शिवून देतो म्हणे. त्याच्याकडून अंगाचं चित्र आलं, कुठे कुठे मोजायचं त्याच्या रेघा मारलेलं. मास्तर फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, "काकी, अंगासरशी माप हवं. टेप अगदी चिकटून."

मी कुठे जाणार? माझे ब्लाऊज शिवते त्या वहिनीकडेच गेले. तिने टेप काढली आणि सवयीने टेपेखाली दोन बोटं घातली. आमच्याकडे ब्लाऊजवाली दोन बोटं घालतेच. एक बोट श्वासाला आणि एक सणासुदीच्या जेवणाला. मी सांगितलं, "वहिनी, चिकटून घ्यायचंय."

"चिकटूनच घेतेय, काकी," वहिनी म्हणाली. बोटं होती तिथेच. मीही हट्ट धरला नाही, कारण ती बोटं गेली तर कसं वाटतं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? वर तिने प्रत्येक आकड्यात अर्धा इंच वाढवला. "पहिल्या धुण्यात आटतं हो कापड."

घरी आले. आकडे चेन्नईला पाठवायचं काम ह्यांच्याकडे. त्यांनी चष्मा लावला, एकेक आकडा वाचला आणि प्रत्येकात स्वतःच्या पदरची भर घातली.

"अहो, हे काय करताय?"

"अगो, कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. पाहुणे येणार म्हटल्यावर तू भात मोजून लावतेस काय?"

मलाही ते पटलं, हे सांगायला हवं. तिघांनी मिळून प्रेमाने माझा घात केला आणि तिघंही त्या दिवशी समाधानाने जेवलो.

सूट आला तो शिमगा उलटल्यावर. खोलीचं दार लावून मी एकटीनेच घातला. कोणी ओढायला नको, ताणायला नको. हात वर झाले, खाली वाकता आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठला कपडा मला बघून घाबरला नाही. मी त्यातच चहा केला. हे म्हणाले, "फक्कड बसलाय!" शेजारणीला बोलावून दाखवला. तीही म्हणाली, "किती सुटसुटीत!"

त्याच सुटसुटीत सुटात मी जेटीवर गेले. मास्तरने पाठीमागून कापडाला हात घातला तर त्याची आख्खी मूठ भरली.

"काकी, हा सैल आहे."

मला आधी वाटलं, गंमत करतोय. सैल! हा शब्द माझ्याबद्दल कोणी काढला नव्हता. त्याने गळ्याशी तांब्याभर पाणी ओतलं, ते सगळं घोट्यापाशी बाहेर आलं, वाटेत कुठे थांबलंसुद्धा नाही. "असा पाण्याने फुगून बसेल. पाय मारता येणार नाहीत, प्रवाह आला तर पिशवीसारख्या ओढल्या जाल. मी नाही नेणार." परत पाठवून दुसरा येईपर्यंत पाणी गढूळ होणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. दोघंही समुद्राकडे बघत होतो, तो अजून स्वच्छ होता, मेला.

मी तिथूनच वहिनीला फोन लावला. काय काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "काकी, अंगावर ठेवा तसाच. आलेच."

आली ती रिक्षाने. मशीनवर त्या कापडात सुई मोडणार हे दिसतच होतं. ह्यांनी मिरकरवाड्यातून दाभण आणि जाळी विणायचा दोरा आणला. क्लबाच्या पडद्यामागे वहिनी माझ्या अंगावरच चिमटे घेत, खडूने खुणा करत सुटली, दोन्ही कुशी, पाठ, मांड्या. मी ओरडत होते. मास्तर बाहेरून ओरडत होता, "अजून घट्ट!" वहिनी पुटपुटत होती, "बाईमाणसाला असं शिवायचं म्हणजे पापच हो." मग सूट उतरवून जेटीवर बसून तिने दाट टाके घातले. त्या टाक्यांतून थोडं पाणी येणार, पण आमचा समुद्र काही बर्फाचा नाही, मास्तर म्हणाला, चालेल. सूट दिसायला तांदळाच्या पोत्यासारखा झाला. तो चढवायला त्या दोघी मुली आणि वहिनी, तिघी लागल्या. चेन खेचली तशी माझ्या तोंडातून शिट्टीच निघाली.

"श्वास घेता येतोय?" मास्तर.

"येतोय. पण तो विचारून येतोय."

"मग बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिऱ्या डोंगराच्या बाजूला होडी थांबली. शिसं बांधलं, माझ्या वाट्याचं जास्तीचं. मागे कलंडले आणि आत.

खाली हिरवट उजेड होता. पाठीवरच्या टाक्यांतून गार धार मणक्यावरून उतरली, वहिनीची आठवण आली. मग गुडघे दुखायचे थांबले. एकदम थांबले. मी वाट बघितली, आता दुखतील, मग दुखतील. नाही. मास्तरने हात धरून खडकापाशी नेलं. तिथे तांबोशी होत्या, जिवंत, पाचसहा, आणि त्यांचा तो रंग मी इतकी वर्षं हळद-तिखट लावून झाकत आले होते. त्या सरकल्या, वळल्या, पुन्हा आल्या. घाई म्हणून नाही. फटीतून एक सापासारखी वाम डोकं काढून तोंड उघडमीट करत होती, सासूबाई जपाला बसल्यासारखी. मी वजनाची, वयाची, गुडघ्यांची बाई, तिथे हवेत टांगल्यासारखी होते आणि कुठेच टेकले नव्हते.

मास्तरने घड्याळ बघितलं आणि वर चला अशी खूण केली.

मी दुसरीकडे बघितलं.

त्याने समोर येऊन पुन्हा केली. तेव्हा मी त्या वामीकडे बोट दाखवलं, जणू त्याने ती बघितलीच नव्हती.