गोदामाच्या दारात

अकोल्यातल्या एका कंपनीच्या जोडे-कपड्यांच्या दुकानात मी गल्ल्यावर बसायचो. मॅनेजरबाई रोज बाळापूरहून एसटीनं यायच्या. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणायचो. आपांचा आवाज खणखणीत. फोनवर बोलल्या तरी रस्त्यावरचा माणूस वळून पाही. मोठा साहेब असो की हमाल, त्यांचा सूर एकच.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला आणि दिवाळीतही दुकान ओस राहिलं. उरलेला माल फाडून जाळा, असा वरून हुकूम आला. स्वस्तात विकला तर कंपनीचं नाव खराब होतं म्हणे. त्यासाठी पुण्याहून साहेबच आले. आपा गोदामाच्या दारात स्टूल टाकून बसल्या.

"मॅडम, बाजूला व्हा."

"नाई होत. एक जोडा बनवाले किती कोळसा जळते, हे तुमीच आमाले ट्रेनिंगमधी शिकवलं. आता तोच जोडा जाळून अजून धूर करून राहिले. काहून?"

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. पन मी असेपर्यंत इथं काडी लागनार नाई."

आपा स्टुलावरून हलल्या नाहीत. साहेब संध्याकाळी तसेच परत गेले.

पुढच्या आठवड्यात दोन आदेश सोबतच आले: माल निम्म्या भावात विका, आणि आपांची बदली चंद्रपूरला. आपांनी दुसरा आदेश न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला. मग जोड्यांची टोपली उचलून फुटपाथवर गेल्या आणि भर बाजारात ओरडल्या, "या हो, जळता जळता वाचलेले जोडे!"